समोरच्या बाजूच्या बाई

कोर्टात जायच्या सकाळी वकीलसाहेबांनी घरातले सगळे बूट पॉलिश करून दाराशी ओळीनं मांडले, तेव्हा त्यांच्या बायकोला क्षणभर वाटलं, आजचा दिवस बरा जाणार. जवळ जाऊन पाहिलं तर काळ्या बुटांना तपकिरी पॉलिश फासलेलं, आणि तिच्या सँडलपैकी एकच घासूनपुसून लख्ख. दुसरीचा पत्ता नाही.

"वा! चकाचक," ती म्हणाली.

"न्यायाधीश आधी पायांकडे बघतात," साहेब म्हणाले. "अशिलाला सांगून ठेवा. टाच झिजलेली चालेल, धूळ नको."

"सांगते."

"आणि घाबरू नका म्हणावं."

"तेही सांगते."

अशील कोण, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दुसरी सँडल तिला ब्रेडच्या डब्यात सापडली. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हातानं ती पुसून पायात घालताना तिच्या मनात आलं, बायको म्हणून आपण या माणसाला जन्मात फसवलं नाही, आज फसवतोय. कारण आज कोर्टात काम होतं ते साहेबांचंच. अर्ज तिचा होता. 'माझे पती स्वतःचा सांभाळ करायला असमर्थ आहेत, तरी मला त्यांची पालक नेमावं.' हा अर्ज तिनं धडपणे वाचलाही नव्हता. सही करताना फक्त 'असमर्थ' या शब्दावर अंगठा ठेवला होता, म्हणजे तो दिसायला नको.

साहेब वकील झाले तेव्हा त्यांच्या वर्गातले बाकीचे बड्या कंपन्यांच्या पायऱ्या चढले. हे गेले कोर्टाच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला लागून असलेल्या मोफत कायदा केंद्राच्या खोलीत. खिडकी उघडली की सायकलींच्या घंट्या आत यायच्या, बंद केली की भिंतीची ओल नाकात जायची. दोन टेबलं होती, त्यातलं एक डुगडुगतं. अशिलासाठी मात्र हातांची, गादीची ऐसपैस खुर्ची होती. ती त्यांनी घरून उचलून नेली होती.

"माझ्या वडिलांची खुर्ची नेलीत!" ती तेव्हा तणतणली होती.

"अगं, माझ्याकडे येणारा माणूस सगळीकडे उभा राहून आलेला असतो. तुझ्या वडिलांना पुण्य लागेल."

"वडील जिवंत आहेत अजून."

"मग त्यांना आधीच लागेल."

कोर्टात त्यांना 'फुकट वकील' म्हणायचे. चहावाल्यापासून न्यायाधीशांच्या शिपायापर्यंत सगळे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. घर टापटिपीत चाले ते तिच्या शाळेतल्या नोकरीवर, आणि हे साहेब चारचौघांत मोठ्यांदा सांगत. "मी फुकट वकील आणि ही माझी सरकारमान्य आश्रयदाती."

त्यांच्याकडे सगळ्या तऱ्हेची माणसं येत, पण त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं ते एका प्रकारच्या कामात. एखादी म्हातारी, एखादा एकटा पडलेला काका. भाचे, सुना, जावई कोर्टात येऊन सांगत, यांचं डोकं ठिकाणावर नाही, यांचा कारभार आमच्या हाती द्या. अशा म्हाताऱ्यांचं वकीलपत्र साहेब घेत. न्यायाधीश त्या माणसाला समोर बोलावून विचारणार, आज वार कोणता, शंभरातून सात-सात वजा करा, तुमचं घर कुठं आहे. साहेबांचं म्हणणं एकच होतं, घाबरलेला माणूस वेडाच दिसतो. म्हणून सुनावणीच्या आधी ते अशिलाला त्या खुर्चीत बसवून तालीम घेत. वार आठवला नाही तर काय म्हणायचं? "पेन्शनीत आल्यापासून सगळे रविवारच आहेत, साहेब." वजाबाकी जमली नाही तर? "आपण करून दाखवा, मी तपासतो." न्यायाधीश हसले की अशिलाचे खांदे खाली येत. खांदे खाली आले की त्याला घराचा पत्ता, नातवाचं नाव, सगळं आठवे.

ही उत्तरं ते घरी जेवणाच्या टेबलावर बसवत. बायको न्यायाधीश, खांद्यावर टॉवेल हाच तिचा झगा. थोरली लेक सरकारी वकील, धाकटा मुलगा कधी लबाड भाचा, कधी खाष्ट सून. साहेब स्वतः म्हातारी होत, आणि अशी काही म्हातारी होत की धाकट्याला ठसका लागायचा. एका कामात समोरच्या बाजूची सून हाताला पट्टी बांधून आली होती, सासूला उचलताना हात मुरगळला म्हणे. "मी दमलेय हो, असं म्हणाली!" साहेबांनी नक्कल केली. सगळे खो खो हसले. तीही हसली होती. कोर्टात येणारे नातेवाईक लबाड असतात, एवढं त्या टेबलावर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तरी जिंकल्यावर साहेबांची एक सवय होती. आपल्या अशिलाला रिक्षात बसवून दिलं की ते परत यायचे आणि हरलेल्या माणसाशेजारी बाकावर टेकायचे. विचारायचे, "घरी कोण आहे तुम्हाला?" कोणी शिव्या घाले, कोणी उठून जाई. "तुम्हाला काय करायचंय पण?" तिनं एकदा विचारलं. "हरलेला माणूस एकटा घरी जातो गं," ते म्हणाले. "ते बरं नाही."

घरातही माणूस असाच. मुलांची नखं रविवारी तेच कापत, एकेक बोट खिडकीकडे धरून, जसा काही पुरावा तपासतायत. थोरलीच्या वेण्या तेच घालत आणि एक नेहमी वर, एक खाली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, आईला सांग, तेव्हा थोरलीनं छातीठोक सांगितलं, "आई नाही, वकील घालतात." कोणाला ताप आला की रात्रभर उशाशी खुर्ची यांची. आणि शिस्त एकच, साक्षीदाराची. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं. जास्त बोललात की फसलात. मुलांनी तिचा सोयीनं अर्थ लावला. "गृहपाठ आणलास?" "आणला." वही कोरी. "केलास का, असं कुठं विचारलं?" यावर आईनं कान पिळावा आणि बापानं तोंड फिरवून हसावं, अशी या घराची रीत.

आजार आला तोही या रीतीनंच, कोणी विचारलं नाही तोवर गप्प बसून. आधी नावं गेली, मग रस्ते. एकदा ते घरातून निघाले आणि तिन्हीसांजेला सायकल स्टँडवर सापडले, कायदा केंद्राच्या बंद दारासमोर अशिलाची वाट बघत. एकदा गॅस उघडा आणि काडी विसरलेली. मग एक दिवस त्यांनी तिला "अगं" म्हणायचं थांबवलं. "अहो बाई, जरा पाणी देता का?" म्हणाले. इतक्या अदबीनं की तिला रागावताही येईना. तिनं पाणी दिलं, न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बसून राहिली.

धाकटा दूरदेशी. फोनवर म्हणे, "आई, माणूस ठेव ना मदतीला." माणसं ठेवली. साहेबांनी एकेकाला कामगार कायदा समजावून सांगितला आणि चौघं सोडून गेली. थोरली शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन लहान मुलं आणि नोकरी सांभाळून एक दिवसाआड धावत यायची. मागच्या महिन्यात न्हाणीघरात साहेब घसरले. सहा फुटी माणूस. तिनं धरायला हात घातला, ते वाचले, हिचं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या पाठीचा मणकाही सरकलाय, यांना पुन्हा उचललंत तर दोघांना उचलायला माणसं लागतील.

तेव्हा थोरलीनं ती संस्था शोधली. अशाच आजाराच्या माणसांची. बैठं घर, कुंपणाला लागून बाग, प्रत्येक खोलीला मोठी खिडकी. तिथल्या नर्सबाई माणसाशी माणसासारख्या बोलत. आईला रोज येऊन बसता येईल म्हणाल्या. एक खोली रिकामी होत होती. पण दाखवायला नेलं तेव्हा साहेब दारातच थांबले. "माझ्या संमतीशिवाय तुम्ही मला इथं ठेवू शकत नाही," म्हणाले, आणि कलम सांगितलं. नर्सबाईंनी नंतर बघितलं, कलम बरोबर होतं. त्यांनी हात जोडले. "संमती नाही तर कोर्टाचा हुकूम आणा. सुनावणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोली धरून ठेवते. पुढे रांग आहे हो, मी तरी काय करू?"

ती संध्याकाळ आजची.

दिवस कलला की साहेब बावचळत. दारं हलवत, खिशात कसली तरी कागदपत्रं शोधत, "मला उशीर होतोय" म्हणून रडकुंडीला येत. त्यावर एकच उतारा तिला सापडला होता. ती खांद्यावर टॉवेल टाकून टेबलाशी बसायची. "हं, पुढचं प्रकरण! सांगा, आज वार कोणता?" आणि साहेबांच्या चेहऱ्यावर दिवा लागायचा. "सगळे रविवारच आहेत, बाईसाहेब." ती हसायची, ते हसायचे, खांदे खाली यायचे. मग नीट जेवायचे. गेले कितीतरी महिने रोज संध्याकाळी हा खेळ चालला होता. थोरलीनं एकदा दारातून पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाली, "आई, बाबा हसतायत गं!" आपण काय करून ठेवतोय हे तिच्याही ध्यानात आलं नाही आणि मुलीच्याही.

ते आलं कोर्टात.

खोली तीच होती, जिथं साहेब आयुष्यभर उभे राहिले. न्यायाधीशबाई नवीन, तरुण, चष्मा सारखा नाकावर ढकलणाऱ्या. अर्जाच्या बाजूनं वकील होती साहेबांची जुनी मदतनीस. केस पिकले तरी घरात तिला सगळे ज्युनिअरच म्हणत. ती सकाळपासून साहेबांच्या नजरेला नजर देत नव्हती.

"काकू, मला दुसऱ्या कोणाला तरी द्यायला हवं होतं हे काम," ती कुजबुजली.

"दुसऱ्या कोणाला मी दिलं नसतं," बायको म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी साहेबांना पुढं बोलावलं. खुर्ची दिली. त्यांनी आधी खुर्चीची पाठ हातानं चाचपली, मग बसले.

"आजोबा, आज वार कोणता आहे?"

"पेन्शनीत आल्यापासून सगळे रविवारच आहेत, बाईसाहेब."

खोलीत हशा पिकला. न्यायाधीशबाई हसल्या. थोरलीनं आईचा डावा हात घट्ट धरला.

"शंभरातून सात वजा करत जाल?"

"आपण करावेत. मी तपासतो."

पुन्हा हशा. आणि मग साहेब उठले. उठताना त्यांनी नसलेला काळा कोट दोन्ही हातांनी सारखा केला. पाठ ताठ झाली. गेल्या दोन वर्षांत न दिसलेला तो माणूस तिच्या डोळ्यांदेखत उभा राहिला.

"परवानगी असेल तर समोरच्या बाजूच्या बाईंना दोन प्रश्न विचारतो," ते म्हणाले.

ज्युनिअर उठली. "बाईसाहेब, त्यांना असं..." ज्या माणसानं तिला हरकत घ्यायला शिकवलं, त्याच्यावर हरकत कशी घ्यायची? ती खाली बसली.

"विचारू दे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यांना हे सगळं पाहायचं होतं.

साहेब बायकोसमोर आले. डोळ्यांत ओळख नव्हती, पण ती नेहमीची अदब होती. "घाबरू नका बाई. मी विचारतो तेवढंच सांगा. हे म्हातारे गृहस्थ तुम्हाला मारतात?"

"नाही."

"शिवीगाळ करतात?"

"नाही."

"तुमच्यावर कधी हात उगारला?"

"कधीच नाही."

"जेवतात?"

"हो."

"हसतात?"

तिनं थोरलीकडे पाहिलं. "हो. रोज संध्याकाळी."

"मग यांचा गुन्हा काय?"

सांगायला किती तरी होतं. मनगटाचं, पाठीचं, रात्री दाराला लावायच्या कुलपाचं, त्या कुलपाची किल्ली आपल्या उशीत शिवून ठेवल्याचं. पण विचारलं होतं ते एवढंच, गुन्हा काय. "काही नाही," ती म्हणाली.

ज्युनिअरनं धीर एकवटला. "ते घरातून निघून गेले होते, बाईसाहेब. सापडेपर्यंत अंधार पडला."

"माणूस घराबाहेर पडला!" साहेब गर्रकन वळले. "मग दार कशासाठी असतं, विद्वान मैत्रीण? आत कोंडायला?"

मागच्या बाकावर कोणीतरी शाबास म्हटलं. बायकोला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हा माणूस! या माणसासाठी तिनं शाळेत वर्षानुवर्षं खडू झिजवला होता. आणि त्याच क्षणी तिला कळत होतं की ती खोली, ती खिडकी, ती बाग आपल्या हातून चाललीय, आणि घालवणारीही आपणच. एकेक उत्तर तिनंच घोटवून घेतलं होतं, खांद्यावर टॉवेल टाकून.

न्यायाधीशबाईंनी डॉक्टरांचा दाखला पुन्हा वाचला, चष्मा वर ढकलला. "दाखल्यात लिहिलंय ते मला समोर दिसत नाहीये," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "मोठ्या रुग्णालयातल्या मंडळाकडून नव्यानं तपासणी करा. अहवाल आल्यावर पुढची तारीख. तोवर यांच्या इच्छेविरुद्ध यांना कुठंही हलवायचं नाही."

"बाईसाहेब, घरी काकू एकट्या..." ज्युनिअर म्हणाली.

"मला समजतंय. पण त्यांनीच तर सांगितलं, काही त्रास नाही." आणि पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

बाहेरच्या बोळात बाकावर ती बसली. थोरली खिडकीशी उभी राहून संस्थेला फोन करत होती. "हो... नाही मिळाला... नाही, तुमचा काय दोष... द्या, द्या तुम्ही दुसऱ्यांना." ज्युनिअर तिच्यापाशी उभी होती, रुमालाची घडी घालत, मोडत.

साहेब आले. पाठ अजून ताठ. बाकावर बायकोपासून अदबीचं अंतर सोडून टेकले. मग तिच्या प्लास्टरकडे बघत म्हणाले, "हात दुखतो का?"

"दुखतो."

"निकाल मनाला लावून घेऊ नका, बाई. माझं काम होतं ते. घरी कोण आहे तुम्हाला?"

"नवरा आहे."

"काय करतात?"

"वकील आहेत."

साहेबांचा चेहरा खुलला. "मग काळजी कसली! घरात वकील आहे तर." त्यांनी खिशात हात घातला, जशी काही तिला द्यायची कसली वस्तू तिथं होती. बाहेर आलं ते पॉलिशचं फडकं. तेच त्यांनी तिच्या हातात ठेवलं. "बघतील ते तुमचं. सांगा त्यांना सगळं नीट."

"सांगते," ती म्हणाली.

मग त्यांची चुळबुळ सुरू झाली. तिला ती ओळखता येत होती. तिनं त्यांना कोपराला धरून बोळाच्या टोकाशी पुरुषांच्या स्वच्छतागृहापर्यंत नेलं. दारावरची पाटी त्यांनी स्वतः वाचली, "धन्यवाद, बाई," म्हणाले आणि आत गेले. ती बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. दोन वकील आत गेले, बाहेर आले, तिच्याकडे बघून चालते झाले. आतून पाण्याचा आवाज आला. तो थांबेना.

"अहो, झालं का?"

तिनं दारावर टकटक केली.

"अहो! नळ बंद करा आणि या बाहेर."

नळ चालूच. मग बूट फरशीवर घासल्याचा आवाज, इकडून तिकडे, तिकडून इकडे. भिंतीवर थापट्या मारल्यासारखं काहीतरी. आणि एक आवाज आला. तो मघाचा कोर्टातला नव्हता, बारीक होता, घाबरलेला. कितीतरी महिन्यांनी साहेबांनी तिला हाक मारली.

"अगं... दार कुठं आहे गं?"

थोरली बोळातून धावत येत होती. शिपाई म्हणत होता, "बाई, ते पुरुषांचं आहे."

"तिथंच थांबा," तिनं आत ओरडून सांगितलं. "हलू नका. आले मी." आणि डाव्या हातानं दार ढकलून ती आत गेली.